अपमानाचें उत्तर : न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या किंवा आसपासच्या कोणत्याहि गांवच्या पारावर घटकाभर बसलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तेथें ज्या तंट्यांची चर्चा चालते, त्यांतील पुष्कळसे तंटे मुळांत अगदीं क्षुल्लक असतात. आपली पाळी संपली हें विसरून कोणी पाटाचें पाणी थोडा वेळ अधिक घेतलें, कोणाचें जनावर दुसऱ्याच्या उसांत शिरलें, लग्नाच्या पंगतींत कोणाला आग्रह करावयाचा राहिला, कोणी हाक मारली असतां दुसऱ्यानें ओ दिली नाहीं. ज्याच्या हातून हें घडलें त्याच्या मनांत बहुधा कांहींच नसतें. परंतु ज्याला तें लागलें त्याच्या मनांत तें वर्षानुवर्षें सलत राहतें, आणि बापाचें भांडण मुलगा वारशानें घेतो. शाळेंतहि याहून निराळें नाहीं. बाकावर बसतांना लागलेला धक्का, सर्वांदेखत मारलेली थट्टा, परत न केलेली वही, एवढ्यावरून जिवलग मित्र एकमेकांचें तोंड पाहीनासे होतात.

अशा वेळीं काय करावें? उलट उत्तर द्यावें, तर भांडण वाढतें. मुकाट्यानें सोसावें, तर आपण भित्रे ठरलों असें वाटून मन आंतल्या आंत जळत राहतें. या दोहोंवांचून तिसरी वाट आहे किंवा नाहीं, हें पुस्तकी उपदेशापेक्षां एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रांतून अधिक चांगलें समजतें. म्हणून, ज्यांच्या वांट्याला अपमान पुष्कळ आले, आणि ज्यांनीं प्रत्येक अपमानाचें उत्तर विचारपूर्वक दिलें, अशा न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची थोडीशी हकीकत येथें सांगावयाची आहे. त्यांचा आपल्या या भागाशींहि निकटचा संबंध होता, तो पुढें येईलच.

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव हे पुढें कोल्हापूर संस्थानांत नोकरीस असल्यामुळें माधवरावांचें बालपण कोल्हापुरांत गेलें. मुलगा अबोल, संथ आणि थोडासा बोजड. त्याच्याकडे पाहून हा पुढें कांहीं नांव काढील असें घरांतील वडील माणसांनाहि वाटत नसे. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. सोंगट्या खेळावयास सोबती नव्हता, म्हणून त्यांनीं घरांतील खांबालाच गडी केलें. एका हातानें खांबाचे फांसे टाकावयाचे, दुसऱ्या हातानें आपले. अखेरीस डाव खांबानें जिंकला आणि माधवरावांनीं हार कबूल केली. पाहणारे हंसले, परंतु फांसे खांबाला चांगले पडले, त्यास आपण काय करणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. प्रतिपक्ष बोलूं शकत नाहीं एवढ्यावरून त्याचें दान आपल्या पदरांत ओढावयाचें नाहीं, ही वृत्ति ज्याच्या अंगीं लहानपणींच बाणली, तो पुढें न्यायाधीश झाला यांत नवल नाहीं.

मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत त्यांचें उच्च शिक्षण झालें. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 सालीं झाली, तींत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. 1862 सालीं ते बी. ए. झाले, 1864 सालीं एम. ए. झाले आणि 1866 सालीं एल्‌एल्. बी. झाले. वाचन इतकें कीं डोळे बिघडले आणि कांहीं काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहण्याची पाळी आली. याच काळांत त्यांना पहिला मोठा फटका बसला. एका निबंधांत त्यांनीं मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्यास अनुकूल नव्हती. प्रिन्सिपाल सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान व विद्यार्थ्यांवर लोभ करणारे गृहस्थ. तथापि त्यांना हें रुचलें नाहीं, व माधवरावांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. तरुण वयांत असा प्रसंग आला म्हणजे एक तर मनुष्य आपलें मत गिळतो, नाहीं तर शिक्षा करणाऱ्याचा जन्माचा द्वेष्टा होतो. माधवरावांनीं दोहोंपैकीं एकहि गोष्ट केली नाहीं. ग्रँटसाहेबांविषयींचा त्यांचा आदर कायम राहिला, आणि मराठ्यांच्या इतिहासाविषयींचें मतहि कायम राहिलें. त्या मताला त्यांनीं पुढें जवळजवळ चाळीस वर्षें अभ्यासाचें खतपाणी घातलें, आणि 1900 सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्ति बंद करणाराला याहून चांगलें उत्तर कोणतें?

1871 सालीं ते पुण्यास सबजज्ज म्हणून आले, आणि पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे ते जणूं सूत्रधार झाले. सार्वजनिक सभा, वक्तृत्वोत्तेजक सभा, प्रार्थनासमाज, मुलींची शाळा, उद्योगधंद्यांची परिषद, अशी एकहि चळवळ नव्हती कीं जिच्यांत त्यांचा हात नव्हता. जो पुढें होतो त्याच्यावर चिखल उडतोच. माधवरावांच्या बाबतींत तर हें अक्षरशः घडलें.

1875 सालीं स्वामी दयानंद सरस्वती यांना पुण्यास व्याख्यानांसाठीं बोलावण्यांत आलें होतें, व त्यांत माधवरावांचा पुढाकार होता. व्याख्यानें संपल्यावर सप्टेंबर महिन्यांत स्वामींची मिरवणूक काढावयाचें ठरलें. विरोधी मंडळींनीं त्याच दिवशीं गाढव शृंगारून गर्दभानंदाची मिरवणूक काढली. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यांत चिखल. थट्टेचें पर्यवसान लवकरच चिखलफेकींत झालें. स्वामींच्या बाजूनें ज्योतिराव फुले व त्यांची मंडळी संरक्षणास आली होती. मिरवणूक पुरी झाली, आणि माधवराव घरीं आले ते चिखलानें माखलेल्या कपड्यांनीं. घरच्या माणसांना ते पाहून वाईट वाटलें. सरकारी अधिकारी असून शिपाई बरोबर कां घेतले नाहींत, असें त्यांना विचारण्यांत आलें. चार जणांत मिसळल्यावर चार जणांच्या वांट्याला जें यावयाचें तें आपल्याहि वांट्याला येणारच, चिखलाला माणसाची पदवी कशी कळावी, अशा आशयाचें त्यांनीं हंसत उत्तर दिलें, आणि कपडे बदलून ते आपल्या कामाला लागले. कोणावर फिर्याद झाली नाहीं. कोणाचें नांव मनांत टिपून ठेवलें गेलें नाहीं.

आतां, मुलांनो, येथें एक भेद ध्यानांत घ्या. माधवरावांनीं चिखल सोसला, पण मिरवणूक सोडली नाहीं. अपमान सोसणें आणि अपमानाच्या भीतीनें हातीं घेतलेलें काम टाकणें, या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी एकमेकींच्या अगदीं उलट आहेत.

त्याच वर्षीं, मे महिन्याच्या 12 तारखेस, आपल्या बारामती तालुक्यांतील सुपें या गांवीं मोठा दंगा झाला. सावकारांच्या कर्जांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांनीं बाजाराच्या दिवशीं उठाव केला, आणि तो पाहतां पाहतां पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षां कागदांवर होता; त्यांनीं मुख्यतः कर्जाचीं खतें व दस्तऐवज जाळले. सरकारनें चौकशी केली आणि 1879 सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याची अंमलबजावणी तपासण्याच्या कामावर 1881 पासून माधवरावांची नेमणूक झाली, आणि 1887 सालीं ते त्या खात्याचे स्पेशल जज्ज झाले. या निमित्तानें त्यांनीं चारी जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गांवीं वर्षानुवर्षें फिरती केली. बारामती व इंदापूर हा सारा टापू त्यांच्या कक्षेंत येत होता.

या कायद्याचें एक तत्त्व फार विचार करण्यासारखें आहे. त्यापूर्वीं सावकारानें खत पुढें केलें, व त्यावर कुळाचा अंगठा असला, म्हणजे कोर्ट हुकूमनामा देऊन मोकळें होई. नव्या कायद्यानें न्यायाधीशावर असें बंधन घातलें कीं, खतावर लिहिलेला आंकडा पाहून थांबूं नये. मूळ रक्कम किती, व्याज किती, जुन्या खताचें नवें खत केव्हां झालें, हा सारा व्यवहार उकलून पाहावा. शिवाय कोर्टांत जाण्यापूर्वीं उभय पक्षांची समजूत पाडण्यासाठीं गांवोगांव समेट करणारे पंच नेमावेत. माधवरावांचा स्वभाव आणि हा कायदा जणूं एकाच मुशींतून निघाले होते. कोणी अपमान केला म्हणजे त्या घटकेचें जें खत आपल्यापुढें येतें, त्यावरचा आंकडा पाहून ते कधींच हुकूमनामा देत नसत. यामागें काय आहे, मुद्दल किती आणि आपल्या रागानें चढविलेलें व्याज किती, हें ते आधीं पाहत.

सरकारी नोकरींतहि त्यांना सुखाचे दिवस थोडे होते. 1879 सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळें सरकार बिथरलें होतें. मे महिन्यांत पुण्यांत बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लावण्यांत आल्या. पुण्यांतील विचारी व वजनदार लोकांवर सरकारचा संशय वळला, आणि माधवरावांची बदली तडकाफडकी धुळ्यास झाली. वैशाखाच्या उन्हांत खानदेशांत जाऊं नका, रजा घ्या, प्रसंगीं राजीनामा द्या, असें स्नेह्यांनीं सुचविलें. माधवराव धुळ्यास गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. तेथें त्यांचीं पत्रें फोडून पाहिलीं जात असत. कधीं बंडवाल्यांच्या नांवाचीं, भरमसाट मजकुराचीं पत्रेंहि त्यांना येत. त्यांची परीक्षा पाहण्याचाच तो प्रकार होता. माधवराव तीं पत्रें सरळ अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. त्यांनीं ना कांगावा केला, ना खुशामत. कालांतरानें संशय आपोआप विरला, आणि ज्यांनीं तो घेतला होता त्यांनाच त्याची लाज वाटली. 1881 सालीं तेंच सरकार त्यांना अधिक विश्वासाच्या जागीं नेमूं लागलें.

आतांपर्यंत सांगितलेले प्रसंग बाहेरचे झाले. परंतु मनुष्याची खरी कसोटी घरांत लागते. माधवरावांची पहिली पत्नी 1873 सालीं वारली. माधवराव विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. मुलगा आतां एखाद्या विधवेशीं विवाह करील या भीतीनें वडिलांनीं घाईघाईनें त्यांचें लग्न अकरा वर्षांच्या मुलीशीं लावून दिलें. वडिलांचें मन माधवरावांना मोडवेना. या गोष्टीबद्दल लोकांनीं त्यांना पुष्कळ टोंचून बोलून घेतलें. सुधारकाची कृति उक्तीप्रमाणें नाहीं, हा टोमणा जन्मभर त्यांच्यामागें राहिला. त्यांत तथ्य होतें, हें त्यांचे चाहतेहि नाकारीत नाहींत. माधवरावांनीं आपल्या बचावाचें वकीलपत्र घेतलें नाहीं. त्या लहान मुलीला त्याच रात्रीं पाटी देऊन शिकवावयास आरंभ केला. तीच पुढें प्रसिद्धीस आलेल्या रमाबाई रानडे.

त्या काळीं स्त्रीनें लिहिणें-वाचणें म्हणजे घरांतील वडील बायकांना कुळास बट्टा वाटे. रमाबाई वाचावयास बसल्या कीं सासूबाई व नणंदा टोमणे मारीत. त्यांना सोंवळ्यांतून वगळीत, चारचौघींत हिणवीत. त्या बायका दुष्ट नव्हत्या. ज्या रीतींत त्या वाढल्या त्या रीतीनें त्या बोलत होत्या. आपल्या शब्दांनीं एका कोवळ्या मुलीच्या मनाचें काय होतें, हा विचार त्यांना शिवतहि नव्हता. माधवरावांचा रमाबाईंना उपदेश असा असे कीं, ऐकून घ्यावें, उलट बोलूं नये, त्यांचा मान राखावा. आणि धडा मात्र एक दिवसहि चुकवूं नये. हा उपदेश करणें सोपें होतें, आचरणें कठीण होतें. रमाबाईंनीं अनेकदां एकांतांत डोळे पुसले. माधवराव सबंध दिवस कचेरींत, आणि बोलणीं मात्र रमाबाईंना खावीं लागत. तेव्हां या सहनशीलतेचा जड भाग कोणी उचलला, हें आपण विसरूं नये. परंतु परिणाम काय झाला? 1909 सालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि रमाबाईंच्या हाताखालीं शेंकडों स्त्रिया शिकून आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. 1910 सालीं रमाबाईंनीं आपल्या आयुष्यांतील आठवणी प्रसिद्ध केल्या. माधवरावांच्या पुष्कळ गोष्टी आपणांस त्या पुस्तकामुळेंच ठाऊक आहेत. टोमणे मारणाऱ्या वडील बायकांविषयींहि त्यांत विखार नाहीं.

येथें कोणी असें समजेल कीं, माधवरावांनीं केवळ इतरांचे अपमान सोसले, त्यांच्याकडून कोणीच दुखावलें गेलें नाहीं. तसें नव्हतें. 1885 सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिचें निमंत्रण माधवरावांनीं ज्योतिराव फुले यांना पाठविलें. ज्योतिरावांनीं तें नाकारलें. शूद्रादि-अतिशूद्रांच्या हालांचा ज्या सभेला विचार नाहीं, त्या सभेशीं आपले विचार जुळणार नाहींत, असें त्यांनीं स्पष्टपणें कळविलें, आणि तें पत्र ज्ञानोदय पत्रांत छापून आलें. त्याच वर्षीं, शेतकऱ्यांची स्थिति पूर्वींपेक्षां सुधारली आहे असें माधवरावांनीं एका भाषणांत प्रतिपादन केलें, तेव्हां ज्योतिरावांनीं इशारा या नांवाची पुस्तिका लिहून त्याचें खंडन केलें. माधवरावांच्या मनांत कोणाला दुखवावयाचें नव्हतें. तरी ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुःख भोगलें त्यांना तें बोलणें लागलें. ज्योतिराव गप्प बसले नाहींत. त्यांनीं नांव घेऊन, कारणें देऊन, छापून उत्तर दिलें. कांहीं अपमान एकट्याचे नसतात, सबंध समाजाचे असतात. तेथें मौन धरणें हा गुण होत नाहीं. ज्योतिरावांचें उत्तर तिखट होतें, पण तें पाठीमागून दिलेलें नव्हतें, आणि त्यांत मुद्दा होता.

पंचहौद मिशनांतील चहाची हकीकत तुमच्यापैकीं कित्येकांनीं ऐकली असेल. 1890 च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या त्या मिशनांत एक व्याख्यान झालें व नंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मिशनची बाजू केवळ आतिथ्याची होती. परंतु गोपाळराव जोशी यांनीं गंमत म्हणून हजर असलेल्या मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं. सनातनी मंडळी खवळली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि अनेक कुटुंबांवर बहिष्काराचें संकट आलें. एकाची थट्टा, आणि कित्येक घरांतील लेकीबाळींचीं माहेरें बंद. माधवरावांना स्वतःला बहिष्काराचें भय नव्हतें. विधवाविवाहाच्या प्रकरणीं तो अनुभव त्यांनीं पूर्वींच घेतला होता. तरीहि 1892 सालीं, स्नेह्यांच्या कुटुंबांची अडचण पाहून, त्यांच्याबरोबर त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. जुन्या मंडळींना तें अपुरें वाटलें, नव्या मंडळींना भ्याडपणाचें वाटलें, आणि खुद्द रमाबाईंना त्याचें अतिशय दुःख झालें. त्यांनीं योग्य केलें कीं अयोग्य, याविषयीं मतभेद राहतील. एवढें खरें कीं, तें त्यांनीं स्वतःच्या सोईसाठीं केलें नाहीं, आणि ज्याच्या थट्टेनें हें सारें घडलें त्याच्यावर सूड घेण्यासाठीं एक पाऊलहि उचललें नाहीं.

1893 सालीं ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यानंतरची एक गोष्ट या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. माधवराव आगगाडीच्या पहिल्या वर्गानें प्रवास करीत होते. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले त्याच गाडींत दुसऱ्या डब्यांत होते. वाटेंत एका स्टेशनावर माधवराव आपल्या जागेवरून उठून बोलावयास म्हणून खालीं गेले. तेवढ्यांत एक तरुण गोरा अधिकारी डब्यांत शिरला. बाकावर कोणा एतद्देशीयाचा बिछाना पसरलेला पाहून त्यानें तो खालीं फेंकला आणि स्वतः त्या जागीं पथारी पसरली. कोणीतरी धांवत जाऊन माधवरावांना हें सांगितलें. ते आले, त्यांनीं पाहिलें, आणि एक शब्दहि न बोलतां सोबतच्या स्नेह्यांच्या बाकावर जाऊन बसले. रात्र तशीच गेली. पुणें आलें तेव्हां त्या अधिकाऱ्याला कळलें कीं, आपण ज्याचा बिछाना फेंकला तो हायकोर्टाचा जज्ज आहे. तो गडबडून क्षमा मागावयास पुढें झाला. माधवराव पाठ फिरवून चालूं लागले.

कित्येकांना हा शेवट रुचत नाहीं. क्षमा मागावयास आलेल्याकडे पाठ कां फिरवावी? माधवरावांच्या मनांत काय होतें तें त्यांनाच ठाऊक. परंतु एक विचार सुचतो. त्या तरुणाला वाईट वाटलें तें एका सहप्रवाशाला दुखविलें म्हणून नव्हे, तर एका जज्जाला दुखविलें म्हणून. त्याच जागीं एखादा साधा कारकून असता, तर तो तरुण सुखानें घरीं गेला असता. अशी क्षमा पदवीला मागितलेली असते, माणसाला नव्हे. आणि माधवरावांना आपली पदवी मध्यें आणावयाची नव्हती. शिवाय माधवरावहि हाडामांसाचे होते. लागलें नाहीं असें नव्हे. लागलें, आणि तें त्यांनीं शब्दांवांचून दाखविलें.

खरी शिकवण पुढेंच आहे. दुसऱ्या दिवशीं गोखल्यांनीं त्यांना विचारलें कीं, या गृहस्थाविरुद्ध आपण कांहीं करणार काय? गोखले तरुण होते, त्यांचें रक्त उसळत होतें. माधवरावांनीं नकार दिला. एक तर यांत एकाचें म्हणणें एक आणि दुसऱ्याचें दुसरें, असाच प्रकार व्हावयाचा. परंतु त्यांचें मुख्य कारण निराळें होतें. त्यांनीं गोखल्यांपुढें प्रतिप्रश्न ठेवला कीं, या बाबतींत आपलें स्वतःचें मन स्वच्छ आहे काय? आपल्याच देशबांधवांना अस्पृश्य म्हणून आपण दूर बसवितों, आपल्या विहिरीवर येऊं देत नाहीं, त्यांची सावली टाळतों. त्यांनीं आपल्या पंक्तीला येऊन बसण्याचा हक्क सांगितला, तर आपण काय करूं? ज्यानें आपला बिछाना फेंकला त्याच्यावर रागावण्याचा आपला अधिकार किती?

मित्रहो, या प्रश्नाचें मोल नीट पाहा. बहुतेक माणसें अपमान झाला म्हणजे समोरच्याच्या वहींतील बाकी काढतात. माधवरावांनीं आपली स्वतःची वही उघडली. त्यामुळें गोऱ्याचें वर्तन निर्दोष ठरत नाहीं. परंतु ज्या दुःखाचा अनुभव आपणांस एका रात्रीपुरता आला, तें दुःख आपल्याच गांवांत आपल्यामुळें कोणी जन्मभर भोगीत आहे, ही जाणीव त्या अपमानानें दिली. अपमानापासून एवढा लाभ करून घेणारा पुरुष विरळा. पुढें 1950 सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली, हें तुम्ही नागरिकशास्त्रांत शिकतांच. कायद्यानें जें नष्ट झालें तें मनांतूनहि नष्ट झालें आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं माधवरावांचा तो प्रश्न आजहि उपयोगी आहे.

1895 च्या डिसेंबरांत पुण्यास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. त्याच मंडपांत सामाजिक परिषद भरविण्याची त्या काळची वहिवाट होती, व परिषदेचे प्राण माधवराव होते. विरोधी मंडळींनीं मंडप देण्यास हरकत घेतली. मंडप जाळण्याच्या धमक्याहि झाल्या. माधवरावांनीं हट्ट धरला नाहीं. परिषद दुसऱ्या जागीं हलविली आणि पार पाडली. त्याच वर्षीं सार्वजनिक सभेची सूत्रें प्रतिपक्षाच्या हातीं गेलीं होतीं. ज्या संस्थेसाठीं वीस-पंचवीस वर्षें झिजलों ती हातची गेली, हें दुःख लहान नव्हे. माधवरावांनीं व त्यांच्या मंडळींनीं 1896 सालीं डेक्कन सभा स्थापन केली आणि काम पुढें चालू ठेवलें.

16 जानेवारी 1901 रोजीं मुंबईस माधवरावांचें देहावसान झालें. वयाला एकोणसाठ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या मतांवर आयुष्यभर कडक टीका करणारे लोकमान्य टिळक यांनीं केसरींत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. थंड पडलेल्या महाराष्ट्रांत चैतन्य आणण्याचें श्रेय त्यांनीं त्या लेखांत मोकळ्या मनानें माधवरावांना दिलें. ज्याच्याशीं आपण जन्मभर वाद केला त्याच्या मृत्यूनंतर असें लिहावेंसें वाटणें, हा लिहिणाऱ्याचा मोठेपणा. परंतु प्रतिपक्ष्याच्या मनांत असा आदर शिल्लक राहील अशा रीतीनें वाद करणें, हा माधवरावांचा.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. उलट उत्तर कीं मुकाट सोसणें? माधवरावांच्या चरित्रावरून असें दिसतें कीं, त्यांनीं प्रथम थोडें थांबून मुद्दल आणि व्याज निरनिराळें केलें. समोरच्यानें जाणून केलें कीं न कळून, हें पाहिलें. अपमान आपल्या एकट्याचा असेल, तर तो चिखलासारखा झटकून टाकला; कामाचा असेल, तर काम अधिक चांगलें करून उत्तर दिलें. जेथें हजारोंचें दुःख होतें, तेथें मात्र ते गप्प बसले नाहींत. शेतकऱ्यांसाठीं, विधवांसाठीं, मुलींच्या शिक्षणासाठीं ते सतत लिहीत व बोलत राहिले. आणि जेथें त्यांची दृष्टि अपुरी पडली, तेथें ज्योतिरावांसारख्यानें स्पष्ट बोलून दाखविलें, तेंहि योग्यच झालें. घरांत, शेजारांत, शाळेंत आपणांसहि हेंच करतां येईल. ज्याच्या वागण्यानें आपण दुखावलों, त्याला चारचौघांत नव्हे, एकांतांत गांठावें. काय घडलें आणि तें आपणांस कां लागलें, एवढें शांतपणें सांगावें. दहांपैकीं आठ वेळां त्याला तें ठाऊकच नसतें, आणि ऐकून तो ओशाळतो. उरलेल्या दोन वेळीं निदान आपलें मन तरी मोकळें होतें, आणि पुढें काय करावें हें शांत डोक्यानें ठरवितां येतें.

पालकांनाहि एक विनंति आहे. मूल शाळेंतून रडत घरीं आलें म्हणजे त्याला दुसऱ्याच्या घरावर भांडावयास नेण्यापूर्वीं, माधवरावांप्रमाणें त्याची वही एकदां उघडून पाहावी. आज सकाळीं त्यानें कोणाची थट्टा केली, कोणाला आपल्या शेजारीं बसूं दिलें नाहीं, हें त्याला हळूच विचारावें. उत्तर ऐकून कदाचित् त्याचे डोळे खालीं होतील. तसें झालें, तर त्या दिवशींचा धडा त्याला घरींच मिळाला असें समजावें.